घड्याळ इंग्रजीचं, आवाज मराठीचा

मराठीत निवेदकाच्या आवाजावर भरपूर लिहिलं जातं. कादंबरीतला 'मी' कोण, त्याच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, त्याची बोली कुठली, यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. पण मराठीत एक निवेदक असाही आहे, ज्याच्याबद्दल कोणी ओळभरही लिहीत नाही. तो सांगतो: टर्मिनल उघडा, आता हा कोड टाइप करा, एंटर दाबा. कॉलेजच्या लॅबमध्ये हेडफोन लावून बसलेल्या बऱ्याच मुलामुलींनी तो ऐकला आहे. मीही ऐकला आहे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचा हा मराठी आवाज.

एखाद्या पुस्तकाची करतात तशी मला या आवाजाची समीक्षा करायची आहे. त्याला कारण आहे. ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटला मराठी ऑडिओ जोडणं गेल्या काही वर्षांत एकदम सोपं झालंय. मजकूर टाका, भाषा निवडा, आवाज तयार. मी अशाच एका वेबसाइटच्या कोडवर काम करतो. ऑडिओचं बटण कुठे ठेवायचं, त्याचा रंग कोणता, यावर आमच्या दोन-दोन तासांच्या मीटिंगा होतात. तो आवाज ऐकणाऱ्यासाठी काय करतो, यावर एकही झालेली नाही. स्पोकन ट्युटोरियलने हा प्रश्न खूप आधी घेतला आणि त्याचं विचारपूर्वक उत्तर दिलं. ते उत्तर मला अर्धं पटतं. उरलेलं अर्धं का पटत नाही, हे नीट सांगितलं तर पुढे जे कोणी मराठी आवाज जोडतील त्यांना त्याचा उपयोग होईल.

पडदा इंग्रजी, बोलणं मराठी

आधी पटणारं अर्धं. आयआयटी मुंबईतले केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकारने २००९मध्ये माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, त्यातून पैसा आला. विषय सगळे मुक्त सॉफ्टवेअरचे: लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन, सी, जावा, सायलॅब, लाटेक. एक पाठ साधारण १० मिनिटांचा. कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा रेकॉर्ड केलेला असतो आणि त्यावर कोणीतरी बोलत असतं. मूळ पाठ इंग्रजीत तयार होतो. मग चित्र तसंच ठेवून फक्त आवाज मराठी, तमिळ, बंगाली अशा भारतीय भाषांत बदलला जातो.

मेन्यू इंग्रजी, कोड इंग्रजी, चुकीचा संदेश येतो तोही इंग्रजी. स्पष्टीकरण मात्र मराठी. यामागचा हिशेब सरळ आहे. उद्या नोकरीच्या ठिकाणी समोर येणारा पडदा इंग्रजीच असणार, तर तो आजपासूनच ओळखीचा होऊ दे. पण तो ओळखण्यासाठी आधी इंग्रजी यायला पाहिजे, ही अट काढून टाका. इंग्रजी माध्यमाबद्दलच्या आपल्या वादात एक बाजू म्हणते सगळं मराठीत आणा, दुसरी म्हणते मराठी विसरा. या प्रकल्पाने डोळ्यांना एक भाषा दिली आणि कानांना दुसरी. वादात न पडता एवढी उपयोगी तडजोड करणारं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

यामागे शिकण्याच्या शास्त्राचाही आधार आहे. मल्टिमीडियातून माणूस कसा शिकतो यावर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांच्या निष्कर्षांतला एक असा, की चित्राशेजारी लिहिलेलं स्पष्टीकरण वाचण्यापेक्षा तेच स्पष्टीकरण कानांनी ऐकलं तर बहुधा जास्त समजतं. वाचायचं म्हटलं की डोळे चित्र सोडून मजकुरावर जातात. ऐकताना डोळे चित्रावरच राहतात. कोड शिकताना हे फार महत्त्वाचं, कारण अर्धविराम सुटलाय की नाही हे डोळ्यांनाच बघायचं असतं.

आणखी एक गुण. या पाठांत निवेदक कधी 'इथे' म्हणून मोकळा होत नाही. कोणत्या मेन्यूत जायचं, कोणतं बटण दाबायचं, काय टाइप करायचं, हे नावानिशी सांगितलं जातं. तांत्रिक शब्दही बहुतेक जागी लॅबमध्ये बोलतात तेच ठेवले आहेत. क्लिक करा, सेव्ह करा, टाइप करा. कानाला हे फार मानवतं. छापील पुस्तकात 'संचयित करा' दिसलं तर मागे जाऊन पुन्हा वाचता येतं. ऐकताना असा शब्द कळेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात.

क्रियापद उशिरा येतं

आता न पटणारं अर्धं. चित्र बदलायचं नाही, असं एकदा ठरलं की वेळही ठरून जाते. इंग्रजी निवेदकाने जे वाक्य चार सेकंदांत म्हटलं, ते मराठी निवेदिकेला त्याच चार सेकंदांत बसवावं लागतं, कारण पाचव्या सेकंदाला पडद्यावरचा बाण पुढच्या मेन्यूत गेलेला असतो. प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्येच दोन रकाने असतात: एकात मिनिट आणि सेकंद, दुसऱ्यात वाक्य. मराठी वाक्य त्या पहिल्या रकान्याचं भाडेकरू असतं.

यात अडचण काय? 'सेव्ह द फाइल' म्हणायला तीन अक्षरं लागतात, 'फाइल सेव्ह करा' म्हणायला पाच. हा फरक छोटा आहे, थोडं भरभर बोलून निभावतो. मोठा फरक वाक्याच्या रचनेत आहे. इंग्रजी आज्ञा क्रियापदाने सुरू होते. क्लिक हा शब्द आधी, कशावर ते नंतर. मराठीत आधी जागा येते, शेवटी कृती: 'फाइल मेन्यूत जाऊन सेव्ह ॲजवर क्लिक करा.' चित्र इंग्रजी वाक्याच्या तालावर रेकॉर्ड झालेलं असेल, तर 'क्लिक करा' कानावर पडेपर्यंत पडद्यावर क्लिक होऊनही गेलेलं असतं. अशा जागी निवेदिकेसमोर दोनच पर्याय उरतात. घाई करायची, नाहीतर वाक्य इंग्रजीच्या क्रमात वळवायचं.

खरं तर पडदा शिकवायला मराठीचा क्रम जास्त चांगला आहे, असं माझं म्हणणं आहे. आधी 'फाइल मेन्यू' ऐकू येतं तेव्हा डोळा तिकडे जातो. मग 'सेव्ह ॲज' ऐकू येतं, डोळा खाली सरकतो. शेवटी 'क्लिक करा'. तोपर्यंत डोळा जागेवर पोचलेला असतो. भाषेने आपोआप बोट दाखवलेलं असतं. पण त्यासाठी चित्राने मराठी वाक्याची वाट बघायला हवी.

हीच गोष्ट कोडच्या बाबतीत आणखी ठळक होते. व्हाइल लूप घ्या. इंग्रजीत समजावताना साधारण असं म्हणतात, की लूप चालत राहतो, जोवर अट खरी आहे. कृती आधी, अट मागाहून. कोडमध्ये मात्र अट आधी लिहितात, कंसात, आणि काय करायचं ते नंतर. आता मराठी बघा: 'जोपर्यंत आय दहापेक्षा लहान आहे, तोपर्यंत हे करत राहा.' वाक्य कोडच्या क्रमानेच चालतं. इफचंही तसंच, जर-तर. आणि डू-व्हाइल शिकवायचा तर? 'आधी एकदा कर. मग बघ, अट खरी आहे का? असेल तर परत कर.' हाही क्रम कोडचाच. प्रोग्रॅमिंगच्या तर्काला लागणारी जोडवाक्यं मराठीत आजीच्या तोंडीही असतात. 'जोवर दूध तापतंय तोवर इथून हलू नकोस' हा व्हाइल लूपच आहे.

इंग्रजी वाक्याचं ओळीला ओळ भाषांतर केलं की हा फायदा हातचा जातो. 'लूप चालू राहतो, जोपर्यंत अट सत्य असते' असं वाक्य तयार होतं. व्याकरणात ते बसतं, कळतंही. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात उलटं-पालटं करण्याचं एक काम वाढतं. ते काम इंग्रजी पाठाच्या श्रोत्यालाही करावं लागत होतं. आपल्याला ते करावं लागणार नव्हतं, तरी आपण ते आयात केलं.

'आपण' दोन प्रकारचे

मेयर यांचा आणखी एक निष्कर्ष असा, की औपचारिक निवेदनापेक्षा बोलल्यासारख्या निवेदनातून लोक जास्त शिकतात. इंग्रजीत 'यू' म्हटलं की हे काम बरंचसं होतं. मराठीत प्रश्न जास्त नाजूक आहे. 'आपण बसा' मधला आपण पाहुण्याला म्हणतात. 'आपण बसू' मधला आपण मित्राला म्हणतात. पहिल्यात बोलणारा दारात उभा असतो, दुसऱ्यात शेजारी बसलेला.

मराठी शैक्षणिक ऑडिओत हे दोन्ही आपण एकमेकांत मिसळतात. 'आता आपण प्रोग्रॅम लिहू' असं म्हटलं की निवेदिका माझ्या बाकावर येऊन बसते. पुढच्याच वाक्यात 'आपल्याला माहितीसाठी वेबसाइटला भेट देता येईल' आलं की ती उठून स्टेजवर जाते. स्पोकन ट्युटोरियलच्या पाठांच्या शेवटी हे होतंच. प्रकल्पाची ओळख, कार्यशाळांची माहिती, निधी कुठून आला, कोणी भाषांतर केलं, निरोप. शेवटचा हा भाग सरकारी पत्रकासारखा वाचला जातो आणि त्यात १० मिनिटांतला मौल्यवान वेळ जातो.

पण त्याच पत्रकात एक वाक्य असं येतं, जे मला मनापासून आवडतं. बँडविड्थ चांगली नसेल तर पाठ डाउनलोड करून बघा, अशा अर्थाचं ते वाक्य असतं. ऐकणारा कुठे बसलाय, त्याचं नेट कसं आहे, याची जाणीव ठेवून बोललेलं हे वाक्य आहे. एवढी जाणीव अख्ख्या पाठाच्या वेगात उतरली असती तर?

कॅल्टेकच्या टेप

इथवर आपण मजकूर आधी आणि आवाज नंतर, असा प्रकार पाहिला. उलटा प्रकारही एका कोर्सच्या वेबसाइटवर बघायला मिळतो. १९६१ ते १९६३ या काळात रिचर्ड फाइनमन यांनी कॅल्टेकमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. व्याख्यानं टेपवर घेतली गेली, फळ्याचे फोटो काढले गेले, आणि त्यांवरून रॉबर्ट लेटन व मॅथ्यू सँड्स यांच्या मदतीने तीन खंड तयार झाले. ते खंड २०१३पासून टप्प्याटप्प्याने वेबसाइटवर मोफत आले. नंतर त्याच वेबसाइटवर मूळ टेपचा आवाज आणि फळ्याचे फोटोही आले.

खंड वाचून मग टेप ऐकली की लक्षात येतं, छापताना काय गळतं. खडूचा आवाज, मुलांचं हसणं, अर्ध्यात सोडून दुसरीकडून सुरू केलेलं वाक्य. सगळ्यात जास्त गळतो तो थांबा. अवघड जागी शिकवणाऱ्याचा वेग कमी होतो. तो वेग हीच एक माहिती आहे: इथे जपून, इथे अवघड आहे. छापील पानावर सोपी ओळ आणि अवघड ओळ सारख्याच उंचीची असते.

म्हणून वर्गातलं रेकॉर्डिंग नुसतं वेबसाइटवर टाकावं, असं मी म्हणत नाही. फळ्याकडे बोट दाखवून 'हे तिकडे गेलं आणि ते इकडे आलं' असं शिक्षक म्हणतो तेव्हा फक्त ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कॅल्टेकने टेपसोबत फळ्याचे फोटो दिले ते योग्यच केलं. स्पोकन ट्युटोरियलच्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक बटणाचं नाव घेण्याची शिस्त आहे, आणि या एका बाबतीत तो प्रकल्प फाइनमनच्या टेपपेक्षा सरस आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला नावानिशी सांगणारं बोलणंच लागतं. मला हवंय ते या दोन्हींच्या मधलं: नाव घेऊन बोलण्याची शिस्त, आणि अवघड जागी थांबण्याची मोकळीक.

ऐकणाऱ्याच्या हातात काय आहे

माझा मामेभाऊ परभणीला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर फक्त कॉलेजच्या लॅबमध्ये. खोलीवर फोन, त्यातच कोड लिहायचं ॲप. एका मराठी कोर्सबद्दल तो मला म्हणाला, "दादा, त्या मॅडम सांगतात चांगलं, पण थांबतच नाहीत. मी ओळ लिहीपर्यंत त्या दोन ओळी पुढं. अन् थांबवायला गेलं की ती पट्टी वर येती, तिच्याखाली कोडच झाकून जातो. ॲपमध्ये गेलं की आवाज बंद."

"मग तू काय करतोस?"

"काय करणार? आधी सगळं वहीत उतरवून घेतो. मग फोनमध्ये टाइप करतो. तुमच्यासारखे दोन पडदे कुठं आहेत आमच्याकडं?"

पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, ऐकत ऐकत तसंच करून बघायचं, ही लॅबसाठी उत्तम पद्धत आहे. फोनवर तिला जागाच नाही. फोनवाल्याला हवा असतो सुटा ऑडिओ, जो दुसऱ्या ॲपमध्ये गेलं तरी चालू राहील, लॉक स्क्रीनवरून थांबवता येईल, आणि १० सेकंद मागे नेता येईल. शेजारी वाक्यावार मजकूर, ज्या वाक्यावर बोट ठेवू तिथून आवाज सुरू. येल विद्यापीठाने २००७मध्ये खुले कोर्स सुरू केले तेव्हा प्रत्येक व्याख्यानाचा व्हिडिओ, सुटा ऑडिओ आणि लेखी उतारा असं तिन्ही दिलं होतं. तंत्र जुनं आहे.

डेटाचा हिशेबही बघा. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने १० मिनिटांचा आवाज ४.८ एमबीचा होतो. सेकंदाला ५०० किलोबिटचा साधा व्हिडिओ तेवढ्याच वेळात ३७.५ एमबी घेतो. एका व्हिडिओच्या डेटात सात पाठ ऐकून होतात. स्पोकन ट्युटोरियलकडे सेकंदावार स्क्रिप्ट आधीच तयार आहे, म्हणजे सगळ्यात किचकट काम झालेलं आहे. पण ती स्क्रिप्ट वेगळ्या विकीवर राहते. शिकणाऱ्याच्या अंगठ्याजवळ ती आली पाहिजे.

लिपीत नसलेला च

आता यंत्राचा आवाज. केंद्र सरकारने २०२२मध्ये 'भाषिणी' सुरू केली, खासगी कंपन्यांचीही यंत्रं आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. दर आठवड्याला बदलणारा धडा दर वेळी माणसाकडून रेकॉर्ड करून घेणं छोट्या संस्थेला परवडत नाही, हे मला माझ्या कामातून पक्कं माहीत आहे.

पण मराठीची एक गंमत यंत्राची परीक्षा बघते. 'चार' मधला च वेगळा, 'चाचणी' मधला वेगळा. 'जर' मधला ज वेगळा, 'जीव' मधला वेगळा. देवनागरीत हा फरक लिहीत नाहीत. आपण तो ऐकून शिकलेलो असतो. हिंदीच्या वळणाचा आवाज 'जर' आणि 'चाचणी' हे दोन्ही शब्द हिंदीसारखे म्हणून मोकळा होतो. प्रोग्रॅमिंगच्या धड्यात हे दोन शब्द दर मिनिटाला येतात. अर्थ कळत नाही असं नाही. पण प्रत्येक 'जर'ला कान किंचित अडखळतो, आणि बोलणारा आपल्यातला नाही, हे पुन्हा पुन्हा कळत राहतं.

त्याहून मोठी अडचण थांब्याची. यंत्र स्वल्पविरामाला थांबतं, पूर्णविरामाला जास्त थांबतं. अवघड जागेला थांबायचं तर जागा अवघड आहे हे कोणीतरी त्याला सांगायला हवं, आणि ते सांगायला आधी शिकवलेलं असावं लागतं. आमच्याकडे एका धड्यात यंत्राने 'बरोबर' आणि 'बरोबर-बरोबर' अशी दोन चिन्हं एका दमात वाचून टाकली. एक किंमत भरतं, दुसरं दोन किमती सारख्या आहेत का ते विचारतं. नवशिक्याची निम्मी डोकेदुखी याच फरकात असते. शिकवणारी कोणतीही बाई तिथे म्हणाली असती, 'थांबा हं, इथे दोनदा आहे.'

चित्राने वाट बघावी

तर उपाय काय? मी एक पाठ घेऊन करून पाहिलं. या प्रकल्पाचे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली आहेत, ज्यात श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून बदल करता येतात. स्क्रिप्टमधल्या वेळा वापरून व्हिडिओचे वाक्यावार तुकडे केले. मराठी मजकूर घड्याळाकडे न बघता पुन्हा लिहिला, जोपर्यंत-तोपर्यंतच्या क्रमाने, आणि एका मैत्रिणीकडून बोलून घेतला. ती शिकवण्या घेते. जिथे आवाज संपेपर्यंत चित्र संपत होतं, तिथे शेवटचं चित्र तसंच गोठवून ठेवलं. एफएफएमपेग हे मोफत साधन एवढं काम सहज करतं. पाठ दोनेक मिनिटांनी लांबला, आणि त्या दोन मिनिटांत टाइप करायला वेळ मिळाला.

यात कुठलाही मोठा शोध नाही. एक निर्णय तेवढा बदलला: आवाजाने चित्राच्या मागे पळायचं की चित्राने आवाजासाठी थांबायचं. स्पोकन ट्युटोरियलने मराठी आवाजाला पडद्यासमोर जागा दिली, आणि ते काम मोठंच आहे. त्याला स्वतःची वेळ द्यायची राहिली. आता जे यंत्राने हजारो तासांचा मराठी ऑडिओ तयार करणार आहेत, त्यांनी तेच घड्याळ पुढे चालवलं तर ही उणीव हजारपट होईल. तुम्ही अशा एखाद्या वेबसाइटवर काम करत असाल, तर बटणाच्या रंगावर मीटिंग भरण्याआधी एक धडा फोनवर लावा, दुसऱ्या ॲपमध्ये जा, आणि बोलणाऱ्याच्या वेगाने कोड लिहून बघा. लिहून झाला नाही तर धडा अजून तयार झालेला नाही.